कुंड्या आणि भाडेकरू

दादाने मनीप्लांटचं पान नुसतं चिमटीत धरलं आणि अख्खी वेल मुळासकट वर आली. मुळं तरी कसली, काळा लिबलिबीत चोथा होता तो. त्याने तो नाकाजवळ नेला आणि तोंड वाकडं केलं.

"हेमे, काय पाळलंयस घरात? गटार तुंबल्यागत वास येतोय."

"परवापर्यंत बरी होती," मी म्हणाले. हे खोटं होतं. दहा दिवस ती रोज एक पान पिवळं करत होती.

"आणि हे काय?"

तो भिंतीकडे बघत होता. भिंतीवर मी तक्ता चिकटवला होता. वॉर्डात पेशंटच्या बेडच्या पायाशी लटकवतो तसाच, पट्टीने रेघा मारून. एका बाजूला पाच कुंड्यांची नावं, वर तारखा, आणि प्रत्येक चौकोनात माझी सही. सकाळी एक तांब्या पाणी, संध्याकाळी एक तांब्या. तीन आठवड्यांत एकही चौकोन मोकळा सोडला नव्हता.

दादा पोट धरून हसला. "सिस्टर, एवढी सेवा करून पेशंट गेला की वो तुमचा!"

मला हसू आलं नाही. बाकीचे चार पेशंटही त्याच वाटेवर होते आणि ते त्याला दिसायच्या आत मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, मिरजेत एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं ते विचारून लोक दमले होते आणि सांगून मी दमले होते. चौदा वर्षं नर्सेस हॉस्टेलला काढल्यावर मी माझ्या पगारातून दुसऱ्या मजल्यावर हे घर घेतलं, एक हॉल, एक बेडरूम आणि स्वयंपाकघर. राहायला आले तेव्हा सोबत एक ट्रंक, एक गादी, एक खुर्ची आणि गॅसची शेगडी. भिंती इतक्या उघड्या होत्या की चमचा पडला तरी आवाज घुमायचा आणि मी दचकायची. रात्रपाळीत एकटीने मृतदेहाला पांघरूण घालणारी बाई मी, स्वतःच्या घरात चमच्याला घाबरत होते. वॉर्डातली एक मैत्रीण म्हणाली, "झाडं लाव चार. घराला ऊब येते." झाडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी जाऊन पाच कुंड्या आणल्या.

"बरं, ऐक," दादा हात धुऊन येत म्हणाला, "रविवारी दहाला बिराजदार म्हणून येणार आहेत. जतहून बदली झालीय त्यांची. नवरा-बायको आणि एक लेक, माणसं चांगली आहेत."

"कशाला येणार आहेत?"

"जागा बघायला."

"कुठली जागा?"

"हीच की गं! आता आणखी कुठली?" त्याने हाताने गोल फिरवून माझं घर मला दाखवलं. "तुला एकटीला एवढं काय करायचंय? ड्युटीवरनं यायचं आणि झोपायचं. त्याला हॉस्टेलची खोली काय वाईट होती? मेट्रनबाईंशी मी बोलतो. आत्ता भाड्यानं देऊ. पुढं माझा संग्राम कॉलेजला आला की त्याला होईल."

"मी राहायला आलेय, दादा."

"आलीस, राहिलीस, हौस झाली. खालचा माणूस मला जिन्यात विचारत होता, 'तुमची बहीण एकटीच राहते काय हो?' मी काय सांगायचं त्याला? बरं दिसतं का?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "हा उकिरडा तेवढा रविवारच्या आत काढून टाक. एक वेल जगंना तुझ्या हातनं, आणि घर चालवायला निघालीस."

तो गेला. आणि मी, वॉर्डात डॉक्टरांनाही दोन शब्द सुनावणारी मी, त्याच्यापुढे तोंडातून अवाक्षर काढू शकले नाही.

त्याला कारण होतं. आमचे वडील मी नववीत असताना गेले. दादाने स्वतःचं शिक्षण सोडलं आणि मला नर्सिंगला घातलं. तासगावच्या स्टँडवर माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तो आला होता आणि गाडी सुटताना माझ्या आधी तोच रडला होता. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्याला मनापासून वाटत होतं की घर जोडप्याचं असतं आणि एकट्या बाईची असते ती सोय.

वास्तुशांतीलाच ते ठरून गेलं होतं. गुरुजींनी विचारलं, "यजमान कोण?" मी पुढे झाले. गुरुजींनी माझ्या गळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जोडपं लागतं, ताई." मग दादा आणि वहिनी पाटावर बसले. मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते. येणारा प्रत्येक जण दादाला म्हणत होता, "वा, झकास झाली जागा," आणि दादा हात जोडून म्हणत होता, "आपल्या आशीर्वादानं." टॉवेल-टोपी त्याला, साडी-खण वहिनीला. मला भेटायला आत एकच जण आली. आमची एक मावशी. ती म्हणाली, "हेमा, भाजीत मीठ कमी पडलंय गं."

मी मीठ घातलं. त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं आणि गप्प बसले, याचा मला पुढे तीन महिने रोज राग येत होता.

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी ती मेलेली वेल पिशवीत घातली आणि मालगाव रस्त्याला दस्तगीरचाचांच्या नर्सरीत गेले. कुंड्या त्यांच्याकडूनच आणल्या होत्या. मनात होतं की चांगलं खडसवायचं, रोगट माल गळ्यात मारलात म्हणून.

चाचांनी वेल हातात घेतली, वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की खडसवायचं राहूनच गेलं.

"पाणी किती घालता, सिस्टर?"

"दोन वेळा. एकेक तांब्या. एक दिवस चुकला नाही."

"चुकायला पायजे होता."

"म्हणजे?"

"बुडवून मारलं तुम्ही. झाडाच्या मुळाला हवा लागती. तुम्ही तिला हिरीत टाकलं."

"पण ती मलूल झाली होती! मलूल झाली म्हणून तर मी पाणी वाढवलं."

"का वाढवलं?"

"का म्हणजे? पेशंट सुकला की आपण सलाईन लावतो."

"न तपासता?"

मी हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले.

"मागच्या साली मी तुमच्याच वॉर्डात होतो," चाचा म्हणाले, "तुमच्या ध्यानात नसंल. एक शिकाऊ पोरगी मला बाटली लावायला आली, तर तुम्ही तिच्यावर खेकसला. 'आधी हात लाव पेशंटला, जीभ बघ, लघवी किती झाली विचार. कागदावर लिहिलंय म्हणून लावायची नसते.' आठवतं?"

मला आठवत नव्हतं, पण बोलणारी मीच असणार यात शंका नव्हती. इतकी वर्षं मी मुलींना जे शिकवलं, तेच स्वतःच्या घरात येऊन विसरले होते. तक्ता भरलाय ना, मग झाड बरं असणारच! सही करताना मी एकदाही मातीला हात लावला नव्हता.

चाचांनी माझं बोट धरून एका कुंडीत खुपसलं. "दुसऱ्या पेरापर्यंत. ओलं लागतं का?"

"हो."

"मग हात काढा आणि घरी जावा. कोरडं लागलं तरच पाणी. तुमच्या बाकीच्या चार कुंड्यांची माती बदला, सडलेली मुळं कात्रीनं कापा. काही मरतील. मरू द्या." मग त्यांनी त्या मेलेल्या वेलीचा शेंडा उलटसुलट केला आणि वरून टीचभर तुकडा कापून मला दिला. "एवढं जित्तं हाय. पाण्यात ठेवा."

मी तो तुकडा रुमालात गुंडाळला. निघायला हवं होतं, पण पाय निघेना.

"चाचा, एका दिवसात घर भरायचं तर किती कुंड्या लागतील?"

"एका दिवसात? पाव्हणे येणार हायेत काय?"

"घर बघायला लोक येणार आहेत उद्या. भाड्यानं घ्यायला. माझा भाऊ आणतोय."

"मग?"

"मला द्यायचं नाही."

"मग न्हाई म्हणून सांगा. झाडं कशाला?"

"सांगता येत नाही मला त्याला," मी म्हणाले, आणि भर उन्हात, खताच्या पोत्यांमध्ये उभं राहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "त्याच्यापुढे तोंडच उघडत नाही माझं."

चाचा उठून शेडमध्ये गेले आणि एकेक कुंडी बाहेर काढायला लागले. क्रोटन, सिंगोनियम, लांब पट्ट्यांसारख्या पानांची दोन, नेचे, कोरफड, पानांवर गुलाबी ठिपके असलेली काही. सव्वीस झाल्या. "ह्याच्यातली निम्मी अंधारात जगत्यात, निम्म्यांना उजेड लागतो," ते म्हणाले, "कुठली कुठं ते चार दिवसांनी बघू. आत्ता नुसत्या ठेवा." रिक्षाच्या दोन खेपा झाल्या. कुंड्या वर न्यायला मी चौदा वेळा जिना चढले-उतरले. खालच्या त्या माणसाने दार उघडून विचारलं, "दुकान टाकताय काय?" मी म्हणाले, "घर टाकतेय." त्याने दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी मी हॉलमध्ये जुनी चादर अंथरली आणि मधोमध बसले. उकिरडा काढायचा नव्हताच, उलट मांडून ठेवला होता. एका बाजूला मातीचा ढीग, एका बाजूला शेणखत, समोर माझ्या चार आजारी कुंड्या उपड्या केलेल्या. कात्रीने सडकी मुळं कापत होते. खिडकीत, शेगडीच्या कट्ट्यावर, ट्रंकेवर, दाराच्या कडेला, बेडरूमच्या उंबऱ्यात, जिथे नजर जाईल तिथे पानं होती. चमचा पाडून बघितला. आवाज घुमला नाही.

दहाला दादा आला. मागे बिराजदार, सफारीतले, हातात डायरी घेतलेले, आणि त्यांच्या मागे त्यांची बायको. लेकीला आणलं नव्हतं.

दादा दारातच थबकला. "हेमे! अगं, साफ कर म्हटलं होतं की नाही?"

"या," मी बसल्या जागेवरून म्हणाले, "जरा सांभाळून. मुळं पडलीत."

उठले नाही. हात कोपरापर्यंत मातीत होते. मला माहीत होतं, एकदा उठले, हात धुतले, पदर सावरून कोपऱ्यात उभी राहिले, की दादा घर दाखवेल आणि मी पाणी आणायला आत जाईन. म्हणून मांडी मोडलीच नाही.

"ही माझी बहीण," दादा बिराजदारांना म्हणाला, "नर्स आहे. जरा झाडांची हौस आहे. हे सगळं निघंल. तुम्ही आत बघा, बेडरूम मोठी आहे, पश्चिमेची खिडकी..."

बिराजदार डायरी सरसावून आत गेले. पण बिराजदारवहिनी दारातच थांबल्या. त्यांनी चपला काढल्या, सरळ जोडून बाजूला ठेवल्या, आणि घर बघायच्या ऐवजी माझ्यासमोर चादरीच्या कडेला उकिडव्या बसल्या.

"हे कापायचं असतंय होय?" त्यांनी विचारलं.

"सडलेलं असेल तर. मी पाणी जास्त घातलं. नवीन आहे मी यात."

"मी पण घालती बगा. माझी समदी मरत्यात." त्यांनी एक कुंडी जवळ ओढून आत बघितलं. "एवढी झाडं कशाला वो, ताई? एकट्याच ऱ्हाताय न्हवं?"

दादा बेडरूमच्या दारातून ऐकत होता. मला दिसत होता तो. मी कात्री खाली ठेवली.

"मी चौदा वर्षं हॉस्टेलला राहिले," मी म्हणाले, "तिथून एका दिवशी मी नाहीशी झाले असते ना, तर गादीवरची चादर बदलून दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी आली असती. कुणाला पत्ता लागला नसता. मला असं एक ठिकाण पाहिजे होतं, की मी संध्याकाळी घरी आले नाही तर तिथल्या कशाला तरी ते कळावं. निदान एक पान तरी माझ्या नावानं वाळावं."

हे मी कुणाला कधी बोलले नव्हते. बोलायचं ठरवलंही नव्हतं. एका अनोळखी बाईला, मातीत बसून, भडाभडा बोलून गेले.

बिराजदारवहिनींनी हातातली कुंडी खाली ठेवली. मग त्यांनी मान वळवून दादाकडे बघितलं.

"भाऊ, तुमी तर जागा रिकामी हाय म्हणाला होता."

"रिकामीच आहे की," दादा म्हणाला, "हे सामान काय, एका दिवसात..."

"सामान न्हाई वो. हितं ह्या ऱ्हात्यात की!"

बिराजदार डायरी मिटून बाहेर आले. त्यांना घर आवडलं होतं. "मोकळं कधी मिळेल तेवढं सांगा," ते म्हणाले.

"हेमा," दादा म्हणाला. तो रागावला की हेमेचं हेमा व्हायचं. "सांग त्यांना."

मी त्याच्याकडे बघितलं. माझ्या ट्रंकेचं ओझं घेतलेलं डोकं, आता कानावर पिकलेलं. पण मी बसलेलीच होते, आणि बसून बोलायला जरा बळ आलं.

"मोकळं मिळणार नाही," मी म्हणाले, "माफ करा, तुम्हाला उगीच हेलपाटा पडला. हे माझं घर आहे आणि मी इथे राहते."

"डोकं फिरलं काय तुझं? चार लोकांत..."

"दोनच आहेत, दादा. आणि माझं डोकं ठिकाणावर आहे."

"अगं, वास्तुशांतीला मी बसलोय हितं! माझ्या हातनं झालंय सगळं!"

"बसलास. तीन तास बसलास आणि उठून तुझ्या घरी गेलास. राहायचं काम माझ्याकडे आहे."

दादा दाराकडे वळला. बिराजदार डायरीत काहीतरी शोधायला लागले. मला वाटलं, आता तो तरातरा जिना उतरून जाईल आणि दिवाळीलाही मला बोलावणार नाही. तसं झालं असतं तर मी रडले असते. पण घर दिलं नसतं.

"पोरगी वाया गेली," तो शेवटी भिंतीला म्हणाला.

"चौतिसाव्या वर्षी कुठली पोरगी, दादा?"

बिराजदारवहिनींनी तोंडाला पदर लावला. मग हात झटकत उठल्या आणि म्हणाल्या, "चला वो. ताईंना कामं हायेत." मी त्यांना थांबवलं. उन्हातून आलेल्या माणसांना तसंच कसं पाठवायचं? या घरात आजवर जे जे आले होते, ते दादाच्या बोलावण्यावरून आले होते. ही दोन माणसंही त्याच्याच बोलावण्याने आली होती, पण चहा मी विचारला.

"बसा. चहा टाकते. दादा, तूपण बस."

खुर्ची एकच होती. बिराजदारांनी ती दादाला दिली आणि स्वतः भिंतीला टेकून चादरीवर बसले. दादा नको नको म्हणत खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला, पाय जुळवून, गुडघ्यावर हात ठेवून. दोन्ही बाजूंनी क्रोटनची पानं त्याच्या बाह्यांना लागत होती. ती बाजूला करावीत की नाही हे त्याला कळत नव्हतं.

मी हात धुतले, आधण ठेवलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले.

"वहिनी, साखर किती?"

"दोन. ह्यांना एकच, शुगर हाय."

"आणि दादा, तुला?"

त्याने मान वर केली. मी सातवीत असल्यापासून त्याचा चहा करत होते. त्याला आलं चालत नाही, कप भरून लागतो, बशीत ओतून पितो, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

"मला विचारतीस?" तो म्हणाला, "तुला ठाऊक न्हाई?"

"ठाऊक आहे. पण घरी आलेल्या पाहुण्याला विचारायची पद्धत आहे माझ्याकडे."

आत आधणाला उकळी फुटली होती. मी हलले नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्या पानांकडे, मग खाली स्वतःच्या पायांकडे.

"दीड चमचा," दादा म्हणाला.